जर्मनीत नोकरीसाठी पोहोचल्यावर करायच्या नोंदण्या: क्रम, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: म्युनिकमधल्या कंपनीची ऑफर हातात आहे, ब्लू कार्डसाठीचा (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या रहिवास परवान्यासाठीचा) व्हिसा पासपोर्टवर लागला आहे. पहिले दोन महिने कंपनीनं घेतलेल्या फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये राहायचं, मग स्वतःचं घर शोधायचं. बायको आणि मुलगी चार महिन्यांनी येणार. तिथं उतरल्यावर कोणत्या कचेरीत कोणत्या क्रमानं जायचं आणि लोक नेमके कुठं अडकतात?

जर्मन कचेऱ्यांबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कामाचा वेग फार कमी आहे, आणि तरीही वेळेत अर्ज करणाऱ्याचं नुकसान होऊ नये याची सोय कायद्यात बारकाईनं केलेली आहे. म्हणून सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवा: मुदतीच्या आत, लेखी, आणि पुरावा जवळ ठेवून अर्ज करणं. निकाल कधी लागेल हे तुमच्या हातात नाही, अर्जावरची तारीख मात्र आहे. पुढचं सगळं या एका सूत्राभोवती फिरतं.

सुरुवात भारतातूनच करू, कारण निम्म्या अडचणी नावाच्या असतात आणि त्या इथंच सुटू शकतात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' अशा दोन ओळी असतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेक वेळा पहिल्या ओळीत गेलेलं असतं. जर्मन कचेरी त्या ओळीतलं सगळं तुमचं स्वतःचं पहिलं नाव धरते. त्यात चूक काही नाही, पण मग नोकरीचा करार, भाडेकरार, बँक, आरोग्य विमा सगळीकडे तेच पूर्ण नाव, त्याच स्पेलिंगनं यायला हवं. करारावर नुसतं 'सचिन देशमुख' आणि पासपोर्टवर 'सचिन रमेश देशमुख' असेल तर एखादा कर्मचारी सोडून देईल, दुसरा कागद परत करेल. सरनेमची ओळ रिकामी असेल तर निघण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. तिथं गेल्यावर नाव बदललं की रहिवास कार्ड, करखातं, विमा, बँक असं सगळंच पुन्हा करावं लागतं.

बायकोच्या कागदांकडे त्याहून जास्त लक्ष द्या. लग्नानंतर आडनाव बदललं, काही घरांत पहिलं नावही बदललं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव लागलं, असा गुंता फार घरांत असतो. जर्मन फॉर्ममध्ये 'गेबुर्ट्सनामे', म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव, यासाठी वेगळा रकाना असतो. त्यामुळे आडनावाचा बदल समजावता येतो, पण तो बदल दाखवणारा दाखला लागतोच. 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र भारतात चालून जातं, तिथं त्याची खात्री देता येत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्मदाखल्याची दुरुस्ती करून घेणं कटकटीचं आहे, पण ती कटकट एकदाच करावी लागते.

पासपोर्टची मुदतही आताच पाहा. रहिवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. ब्लू कार्ड चार वर्षांपर्यंतचं मिळू शकतं, पण पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल तर कार्डही दीड वर्षाचंच येईल आणि सगळी रांग पुन्हा लावावी लागेल. शिवाय कार्ड हाती आल्यावर पासपोर्ट नवा केलात तर परवाना नव्या पासपोर्टाशी जोडून नवं कार्ड घ्यावं लागतं, त्याचे ६७ युरो वेगळे.

लग्नाचा आणि जन्माचा दाखला, पदव्या, जुन्या नोकऱ्यांची पत्रं, सगळ्याच्या मूळ प्रती सोबत ठेवा. कोणत्या दाखल्याला कोणतं प्रमाणीकरण लागेल हे तो कागद मागणारी कचेरी ठरवते. त्यामुळे एजंटच्या सांगण्यावरून सगळ्याच कागदांवर शिक्के मारून घेण्याआधी त्या कचेरीची यादी वाचा. भाषांतर करायचं तर जर्मन कोर्टाकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून करून घ्या. जर्मनीत कचेरीची भाषा जर्मन आहे. इंग्रजी कागद चालला तर तो त्या कर्मचाऱ्याचा चांगुलपणा समजायचा.

आता तिथं पोहोचल्यावर. पहिली नोंदणी पत्त्याची. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती शहराच्या नागरिक कार्यालयात होते, म्हणजे म्युनिकमध्ये ब्युर्गरब्युरोत, इतर काही शहरांत ब्युर्गरआम्टमध्ये. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या केंद्रीय नोंदणी कायद्यानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते. उशिरासाठी १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशातून आलेल्याला पहिल्या नोंदणीसाठी स्वतः जावं लागेल असंच धरून चाला.

इथं सगळं एका कागदावर अडतं: व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. घर देणाऱ्यानं 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहायला आली' असं सही करून दिलेलं हे पत्र. त्यात घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घरमालक वेगळा असेल तर त्याचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव असावं लागतं. भाडेकरार याची जागा घेत नाही. पंधरा पानी करार घेऊन गेलेला माणूस काउंटरवरून परत येतो तो याच एका पानामुळे. करारावरची सुरुवातीची तारीख आणि प्रत्यक्ष राहायला आल्याची तारीख वेगळी असू शकते. पत्रात दुसरी लागते, आणि दोन आठवडे तिथपासूनच मोजले जातात.

तुमच्या बाबतीत हे पत्र अपार्टमेंट चालवणाऱ्या संस्थेनं द्यायचं आहे. निघण्याआधीच कंपनीच्या एचआरला मेल करून विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येते का, आणि पत्र कोण देणार? काही तात्पुरत्या जागा नोंदणीला नकार देतात. तिथं दोन महिने काढले तर तुमची पुढची प्रत्येक गोष्ट दोन महिने लांबते. जागा शोधताना जाहिरातीत 'आनमेल्डुंग म्योग्लिश' असं लिहिलं आहे का ते पाहा, म्हणजे या पत्त्यावर नोंदणी करता येईल. आणि पैसे घेऊन नुसतं पत्र देणारे लोक असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. जिथं कुणी राहायला येणारच नाही असा पत्ता नोंदणीसाठी देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही, आणि परदेशी माणसाच्या फाइलमध्ये ही नोंद फार महागात पडते.

अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आत मिळेलच असं नाही. शहराच्या संकेतस्थळावर सकाळी लवकर पाहा, कारण रद्द झालेल्या वेळा तेव्हा पुन्हा दिसतात. शहरातल्या कोणत्याही शाखेत जाता येत असेल तर सगळ्या शाखा निवडून शोधा. ११५ हा सरकारी कचेऱ्यांचा एकत्रित दूरध्वनी क्रमांकही उपयोगी पडतो. जी पहिली तारीख मिळेल ती दोन आठवड्यांनंतरची असली तरी लगेच घ्या आणि बुकिंगचा मेल जपून ठेवा. तुम्ही मुदतीत प्रयत्न केला याचा तोच पुरावा, आणि तो दाखवला की सहसा दंडाचा विषय निघत नाही.

काउंटरवर पासपोर्ट, व्हिसा, ते पत्र आणि भरलेला फॉर्म द्यायचा. लग्नाचा दाखला त्याच दिवशी सोबत न्या, बायको अजून भारतात असली तरी. फॉर्ममध्ये एक रकाना धर्माचा असतो, तो विचार न करता भरू नका. तो आकडेवारीसाठी नाही, करासाठी आहे. कॅथलिक, इव्हांजेलिकल अशा चर्चकर आकारणाऱ्या संस्थांच्या सदस्यांच्या पगारातून चर्चकर कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, शीख यांच्यासाठी असा कर नाही, त्यांनी 'काइने' म्हणजे 'कोणताही नाही' लिहिलं की काम झालं. वसईतून किंवा मुंबईतून जाणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनी मात्र हे आधी समजून घ्यावं. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक तिथं सदस्य धरला जातो, आणि नंतर चर्च सोडायचं तर त्यासाठी स्वतंत्र सरकारी प्रक्रिया आहे.

खुर्चीवरून उठण्याआधी हातात आलेली नोंदणीची पावती, मेल्डेबेश्टेटिगुंग, नीट वाचा. नावाची अक्षरं, जन्मतारीख, जन्मगाव, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. इथं झालेली चूक इथंच दोन मिनिटांत दुरुस्त होते. पुढे तीच माहिती करविभागाकडे आपोआप जाते आणि मग एका अक्षरासाठी तीन ठिकाणी पत्रं लिहावी लागतात. ही पावती मोफत असते. तिचे चार-पाच स्कॅन काढून ठेवा, पुढचे दोन महिने सगळे तीच मागतील.

त्याच संध्याकाळी करायचं एक काम: टपालपेटीवर नाव लावा. जर्मनीतल्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन इमारतीच्या दारातल्या पेट्यांवरची आडनावं वाचून पत्र टाकतो. तुमचं आडनाव नसेल तर पत्र 'या पत्त्यावर अशी व्यक्ती आढळली नाही' अशा शेऱ्यासह परत जातं, आणि त्या पत्रांत तुमचा करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड असतं. अपार्टमेंटवाल्यांनी पेटीवर नाव लावू दिलं नाही तर पत्त्यात 'सी/ओ' लिहून पेटीवर असलेलं नाव द्या, आणि हेच नोंदणीच्या वेळी सांगा.

नोंदणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत केंद्रीय करकार्यालयाकडून अकरा अंकी श्टॉयर-आयडी, म्हणजे करक्रमांक, टपालानं येतो. त्यासाठी वेगळा अर्ज नाही. हा क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. जर्मनी सोडून दहा वर्षांनी परत आलात तरी तोच. तो यायच्या आत पहिला पगार निघाला तर घाबरायचं कारण नाही. क्रमांक न मिळण्यात तुमची चूक नसेल तर कंपनी जास्तीत जास्त तीन महिने अंदाजानं योग्य करवर्ग (पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा गट, असे सहा आहेत) धरून पगार देऊ शकते. हे एचआरला माहीत असतं, पण छोट्या कंपन्यांत पगार करणारी बाहेरची फर्म सरळ सहावा वर्ग लावते, ज्यात कपात सर्वांत जास्त. असं झालं तर पैसे बुडत नाहीत; क्रमांक दिल्यावर पगार पुन्हा हिशोबला जातो, नाहीतर वार्षिक विवरणपत्रात परत मिळतात. पत्र हरवलं तर क्रमांक पुन्हा मागवता येतो, पण तो फोनवर किंवा मेलवर सांगत नाहीत, नोंदलेल्या पत्त्यावर टपालानंच येतो. दोन महिन्यांनी घर बदलणार आहात, तेव्हा जर्मन पोस्टाकडे पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सेवा पैसे भरून सुरू करा आणि नव्या घरात गेल्यावर पुन्हा दोन आठवड्यांत नोंदणी करा. शहरातल्या शहरात किंवा देशातल्या देशात घर बदलताना जुन्या पत्त्यावरून नाव काढायला वेगळं जावं लागत नाही.

करवर्गाबद्दल: बायको भारतात आहे तोवर तुम्ही विवाहित असूनही पहिल्या वर्गात राहता. ती येऊन तिची नोंदणी झाली आणि लग्नाची नोंद सिस्टीममध्ये असली की दोघं चौथ्या वर्गात जाता. ती कमावत नसेल तर तुम्ही तिसरा आणि ती पाचवा असा पर्याय करकार्यालयात किंवा एल्स्टर या सरकारी पोर्टलवरून मागता येतो. त्यानं दरमहा हातात येणारी रक्कम वाढते. वर्षाचा एकूण कर मात्र शेवटी विवरणपत्रातच ठरतो, आणि तीन-पाच निवडलं आणि दोघांनाही पगार मिळत असेल तर विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत.

आरोग्य विम्याचं काम नोकरी सुरू होण्याआधीच उरका. सार्वजनिक विम्याच्या अनेक क्रांकनकासे, म्हणजे विमा संस्था, आहेत. मूळ हप्ता सगळ्यांचा सारखा, पगाराच्या १४.६ टक्के, वरचा जादा हप्ता प्रत्येकीचा वेगळा. दोन्हींचा अर्धा भार कंपनी उचलते. तुम्ही निवड कळवली नाहीत तर कंपनी स्वतःच एखादी लावून टाकते. सार्वजनिक विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो, विमान उतरल्यापासून नाही. मधल्या दिवसांसाठी जो प्रवासी विमा व्हिसासाठी घेतला असेल त्याच्या तारखा पुन्हा तपासा.

२०२६ साली वार्षिक पगार ७७,४०० युरोंच्या वर असेल तर खासगी विमा घेण्याची मुभा मिळते, आणि तरुण माणसाला तो स्वस्त दिसतो. कुटुंब येणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सार्वजनिक विमाच घ्या. त्यात न कमावणारी बायको आणि मुलगी जादा हप्त्याशिवाय समाविष्ट होतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि वयाबरोबर वाढणारा. खासगीतून सार्वजनिक विम्यात परत येणं अवघड आहे, ५५ वर्षांनंतर जवळजवळ अशक्य. पगार त्या मर्यादेच्या वर असेल तर सार्वजनिक विम्यात ऐच्छिक सदस्य होण्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं, हे विसरू नका.

एक छोटी गोष्ट जी फार जण गमावतात. शुश्रूषा विमा नावाची वेगळी कपात असते, आणि २३ वर्षांवरच्या अपत्य नसलेल्यांना त्यात ०.६ टक्के जादा भरावे लागतात. मुलगी अजून भारतात असली तरी तुम्ही पालकच आहात. तिचा जन्मदाखला, भाषांतरासह, पहिल्याच महिन्यात पगार विभागाला द्या.

पेन्शन विम्याचा क्रमांक बारा अक्षरी असतो. त्यात तुमची जन्मतारीख आणि जन्माच्या आडनावाचं आद्याक्षर गुंफलेलं असतं, त्यामुळे तो पाहताच नोंद बरोबर आहे का ते कळतं. कंपनीनं कामगार म्हणून नोंदवल्यावर तो आपोआप तयार होतो. तुम्ही जर्मन कंपनीच्या पगारावर आहात, तेव्हा पगाराच्या ९.३ टक्के पेन्शनसाठी कापले जाणार. भारतीय कंपनीनं तात्पुरतं पाठवलेल्या माणसाचं गणित वेगळं आहे. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार ईपीएफओकडून प्रमाणपत्र घेतलं तर ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनची कपात टळते, पण ते प्रमाणपत्र निघण्याआधीच काढावं.

रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही नोंदणीनंतर काही आठवड्यांत येतं. महिना १८.३६ युरो, माणशी नाही, घराला. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं. घरात आधीच कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक लिहून उत्तर पाठवा. जाहिरात समजून पत्र फेकून दिलंत तर तुमच्या नावानं आपोआप खातं उघडलं जातं आणि थकबाकी साचते.

आता रहिवास परवाना. इथं चूक झाली तर नोकरीच जाऊ शकते, म्हणून सविस्तर सांगणं भाग आहे. व्हिसावर काम करण्याची परवानगी लिहिलेली असेल तर कार्ड येईपर्यंत थांबायची गरज नाही, त्याच व्हिसावर कामाला लागा. व्हिसाची शेवटची तारीख मात्र आजच कॅलेंडरमध्ये घाला आणि तिच्या आधी निदान आठ-दहा आठवडे परदेशी नागरिक कार्यालयात, आउसलेंडरबेह्योर्डेत, अर्ज करा. म्युनिकमध्ये ते शहराच्या केव्हीआर विभागात येतं.

अर्जाला लागतात: पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीची पावती, नोकरीचा करार, कंपनीनं भरून दिलेलं नोकरीच्या तपशिलाचं पत्रक, शेवटच्या पगारपावत्या, विम्याचं सदस्यत्वपत्र, पदवी आणि तिच्या मान्यतेचा पुरावा. फोटोची पद्धत २०२५ मध्ये बदलली. आता कागदी फोटो घेत नाहीत. मान्यताप्राप्त स्टुडिओ डिजिटल फोटो सुरक्षित मार्गानं पाठवून तुम्हाला एक कोड देतो, किंवा कचेरीतल्या यंत्रावर फोटो काढतात. भारतातून फोटोंचा गठ्ठा नेऊ नका. शुल्क १०० युरो.

आता सर्वांत महत्त्वाचं. रहिवास कायद्याच्या कलम ८१, उपकलम ४ नुसार, चालू परवाना संपण्याआधी अर्ज केला असेल तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना त्याच्या सर्व हक्कांसह चालू धरला जातो. काम करण्याच्या हक्कासह. म्हणजे कचेरीनं सहा महिने लावले तरी तुम्ही बेकायदा ठरत नाही. पण 'अर्ज केला' हे सिद्ध करता आलं पाहिजे. नुसती अपॉइंटमेंट मागणारी मेल म्हणजे अर्ज नव्हे, असं एखादी कचेरी म्हणू शकते. म्हणून शहराचा ऑनलाइन अर्ज पूर्ण भरा आणि पोचपावतीची पीडीएफ जपा. ऑनलाइन सोय नसेल तर पत्रात 'मी याद्वारे ब्लू कार्डसाठी अर्ज करत आहे' असं सरळ वाक्य जर्मनमध्ये लिहा, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जोडा, आणि पोहोच नोंदवणाऱ्या रजिस्टर्ड टपालानं पाठवा. कागद अपुरे असले तरी चालेल. मुदत अर्जाला आहे, राहिलेले कागद नंतर देता येतात.

व्हिसा संपला आणि कार्ड आलं नाही तर फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग मागा. अर्ज प्रलंबित असल्याचं हे प्रमाणपत्र, १३ युरोंचं. घडीच्या या कागदावर आतल्या पानात पर्यायांसमोर चौकोन असतात. 'परवाना चालू धरला जात आहे, कलम ८१ उपकलम ४' यासमोर खूण आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी पाहा. ही खूण असेल तर संपलेला व्हिसा आणि हा कागद मिळून तुम्ही भारतात जाऊन जर्मनीत परत येऊ शकता. उपकलम ३ समोर खूण असेल तर राहता येतं, पण बाहेर पडून परत येण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. दिवाळीला तिकीट काढायच्या आधी हा फरक कळलेला बरा. आणि हक्क असूनही विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला हा कागद ओळखू येत नाही असं होतं. थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या, मधे दुसऱ्या शेंगेन देशात उतरू नका.

कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतं, त्याला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कार्डासोबत एक हिरवट पान मिळतं, त्यावर अटी छापलेल्या असू शकतात: कोणती कंपनी, कोणतं काम. अटी कार्डापेक्षा त्या पानावर जास्त स्पष्ट असतात, त्यामुळे ते कार्डाबरोबरच ठेवा आणि मूळ फेकून देऊ नका.

नोकरी बदलताना ब्लू कार्डवाल्याला पूर्वपरवानगी लागत नाही, पण पहिल्या बारा महिन्यांत कचेरी तो बदल ३० दिवस रोखून तपासू शकते. नव्या पगाराला त्या वर्षाची मर्यादा लागू होते. २०२६ साठी ती ५०,७०० युरो, आणि टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ४५,९३४.२० युरो. हातात हमी नसलेला बोनस त्यात धरू नका. साध्या कुशल कामगार परवान्यावर असाल तर पहिल्या दोन वर्षांत परवानगी आधी, राजीनामा नंतर. नोकरी मुदतीआधी सुटली तर ते कळल्यापासून दोन आठवड्यांत तुम्ही स्वतः कार्यालयाला कळवायचं. कंपनीही कळवते, चार आठवड्यांच्या आत, त्यामुळे लपवून उपयोग नाही. उलट वेळेत कळवणाऱ्याला नवी नोकरी शोधायला वेळ मागणं सोपं जातं.

एखादं पत्र पिवळ्या पाकिटात आलं तर पाकीट फेकू नका. पोस्टमन त्यावर पेटीत टाकल्याची तारीख हातानं लिहितो, आणि आक्षेपाची मुदत, बहुतेक वेळा एक महिना, त्या तारखेपासून धावते. तुम्ही उघडल्यापासून नाही. साध्या टपालानं आलेलं पत्र २०२५ पासून पाठवल्याच्या चौथ्या दिवशी मिळालं असं धरलं जातं. पत्राच्या शेवटी आक्षेप कुठं आणि किती दिवसांत नोंदवायचा याचा परिच्छेद असतो. बाकी पत्र समजलं नाही तरी तो परिच्छेद आधी भाषांतर करून वाचा.

कचेरी उत्तरच देत नसेल तर? आधी फाइल क्रमांक लिहून नम्र आठवण, मग दोन-तीन आठवड्यांची तारीख घालून दुसरी. अर्जाला तीन महिने होऊनही सबळ कारणाशिवाय निर्णय नसेल तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा करता येतो. त्यासाठी न्यायालयाचं शुल्क आगाऊ भरावं लागतं, पण वकिलाच्या पत्रात नुसता त्या दाव्याचा उल्लेख आला तरी अनेकदा फाइल हलते. यात उद्धटपणा काही नाही, आणि त्यावरून कुणी तुमच्याशी डूख धरत नाही.

बायको आणि मुलगी आल्यावर पुन्हा तोच क्रम: घरमालकाकडून त्या दोघींची नावं असलेलं नवं पत्र, दोन आठवड्यांत नोंदणी, क्रांकनकासेला कुटुंब विम्याचा फॉर्म, परवान्याचा अर्ज. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. कार्डावर तसं लिहिलं आहे ना ते पाहा. मुलीसाठी बालभत्ता मिळतो, २०२६ मध्ये महिना २५९ युरो. अर्ज कुटुंब भत्ता कार्यालयात, तुमचा आणि मुलीचा असे दोन्ही श्टॉयर-आयडी लिहून. मागच्या फक्त सहा महिन्यांचाच भत्ता देतात, त्यामुळे 'सगळं स्थिरस्थावर झाल्यावर बघू' म्हणणाऱ्यांचे पैसे खरोखर बुडतात. गाडी चालवणार असाल तर भारतीय परवाना, भाषांतरासह, राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नाव घाला.

आणि कधी कायमचं देश सोडून निघालात तर पत्त्यावरून नाव काढणं, आबमेल्डुंग, हेही तुमचंच काम आहे. निघण्याच्या एक आठवडा आधीपासून ते गेल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. त्याची पावती मिळाल्याशिवाय रेडिओ शुल्क, विमा आणि इतर करार बंद करताना अडचण येते, आणि भारतातून ती मागवणं निघण्याआधी घेण्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ आहे.